गायक फ्रेडी मर्क्युरी

कलावंताची ओळख करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. त्याच्या गाजलेल्या चारदोन कृती निवडून त्यांचाच आस्वाद घ्यावा, हा पहिला. त्याच्या प्रथम कृतीपासून अखेरच्या कृतीपर्यंत क्रमाने जावे, हा दुसरा. पहिला मार्ग सुखाचा खरा; परंतु त्याने कलावंताचे यश तेवढे दिसते, वाटचाल दिसत नाही. इंग्लंडातील 'क्वीन' या विख्यात रॉक वाद्यवृंदाच्या पंधरा तबकड्या दुसऱ्या मार्गाने ऐकल्या, म्हणजे त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे चरित्रच आपणांपुढे उलगडत जाते. आमच्या वाचकांस त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारणही आहे. त्याचे शालेय शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले.

आमच्या चरित्रनायकाचे मूळ नाव फरोख बलसारा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझीबार बेटावर, दिनांक ५ सप्टेंबर १९४६ रोजी, एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी बलसारा हे तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलगा आठ वर्षांचा असताना मातापित्यांनी त्यास समुद्रापलीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेविले. सोबत्यांनी त्यास 'फ्रेडी' हे सुटसुटीत नाव दिले व तेच पुढे कायम झाले. १९५८ साली तेथील पाच विद्यार्थ्यांनी 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात मुख्य गायक दुसराच होता. फ्रेडी पियानोवर बसत असे.

१९६३ साली तो झांझीबारला परतला. परंतु पुढील वर्षी तेथे राज्यक्रांती होऊन बलसारा कुटुंबास बेट सोडावे लागले व लंडनजवळील फेल्टम येथे नव्याने संसार मांडावा लागला. फ्रेडीने ईलिंग येथील कलाविद्यालयातून १९६९ साली पदविका मिळविली. १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांस तो मिळाला. १९७१ साली जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. वृंदास 'क्वीन' हे नाव फ्रेडीनेच सुचविले, त्याचे मानचिन्ह त्यानेच रेखाटले, आणि स्वतःसही मर्क्युरी हे नवे आडनाव घेतले.

आता तबकड्यांकडे वळू. पहिली १९७३ सालची. गाठीस पैसा नसल्यामुळे, ध्वनिमुद्रणगृह इतरांच्या कामातून मोकळे होईल तेव्हा, बहुधा रात्री, ही मंडळी आपले काम उरकीत. तिची फारशी वाहवा झाली नाही. १९७४ सालच्या दुसऱ्या तबकडीच्या बाजूंस 'पांढरी' व 'काळी' अशी नावे असून काळ्या बाजूची सर्व गीते फ्रेडीची आहेत. त्यांपैकी एक रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावरून सुचलेले आहे. कलाविद्यालयाचा विद्यार्थी येथे स्पष्ट दिसतो. त्याच वर्षीच्या तिसऱ्या तबकडीतील 'किलर क्वीन' या गीताने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

१९७५ सालची 'अ नाइट अॅट द ऑपेरा' ही चौथी. तीतील 'बोहेमियन रॅप्सडी' हे फ्रेडीचे गीत ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. एवढे लांब गीत नभोवाणीवर कोण लावणार, अशी जाणत्यांची शंका होती. त्यातील समूहगान ऐकताना मोठा गायकवर्ग गात असल्याचा भास होतो. वास्तविक गाणारे तिघेच. तेच आवाज एकावर एक असे पुन्हा पुन्हा मुद्रित करण्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. पुढे हे गीत इंग्लंडात सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. प्रतिभेस कष्टांची जोड असावी लागते, हे आपण नेहमी ऐकतो. येथे ते कानांनी पडताळता येते.

१९७६ च्या तबकडीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीताची छाया आहे. १९७७ च्या तबकडीतील 'वुई आर द चॅम्पियन्स' हे गीत त्याने सहस्रावधी श्रोत्यांस एकमुखाने गाता यावे अशा बेताने रचिले. आजही क्रीडांगणांवर ते ऐकू येते. १९८० सालच्या 'द गेम' ने अमेरिकाही जिंकली. यानंतर मात्र उतार लागला. १९८२ सालची 'हॉट स्पेस' ही नृत्यसंगीताच्या वळणाची तबकडी जुन्या चाहत्यांस रुचली नाही. निवडक गीतेच ऐकणारा हा उतार टाळून पुढे जातो. क्रमाने ऐकणाऱ्यास तो उतरावाच लागतो, आणि म्हणूनच पुढील चढण त्यास कळते. दिनांक १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साह्यार्थ वेम्ब्ली येथे झालेल्या जलशात, अवघ्या वीस-एकवीस मिनिटांत फ्रेडीने प्रचंड जनसमुदाय आपलासा केला.

पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी, त्याचा वृंदाबरोबरचा अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला. १९८७ साली त्यास एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे निष्पन्न झाले. या रोग्यांस समाज त्या काळी दूर लोटीत असे. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास प्रचारात आले. फ्रेडीस ते लाभले नाहीत. त्याने आपले दुखणे जगापासून लपविले, पण काम सोडले नाही. १९८८ साली मोन्सेरात काबाये या स्पॅनिश गायिकेसह त्याने 'बार्सेलोना' ही स्वतंत्र तबकडी काढली. १९८९ च्या 'द मिरॅकल' मध्ये प्रत्येक गीताचे कर्तृत्व चौघांच्या नावे आहे. कोणते गीत कोणाचे, हा जुना वादविषय तेथे मिटला. १९९१ च्या 'इन्युएंडो' मधील आवाज ऐकून गाणाऱ्याचे शरीर खंगले होते असे कोणासही वाटणार नाही. स्वित्झर्लंडातील माँत्रो येथे तो शक्ती असेपर्यंत गात राहिला. त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणातील अंतिम कडवे गाण्यास तो परत येऊ शकला नाही. ते ब्रायन मे याने गायिले.

दिनांक २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार प्रसिद्ध केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडन येथे त्याचा अंत झाला. अंत्यविधी पारशी धर्मानुसार झाले. उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून सोबत्यांनी १९९५ साली 'मेड इन हेवन' ही पंधरावी तबकडी सिद्ध केली.

फ्रेडीच्या जीवनाविषयी वाचकांची मते भिन्न असतील. परंतु आमच्या मते त्याची खरी थोरवी वेम्ब्लीच्या टाळ्यांत नसून त्या अखेरच्या चार वर्षांत आहे. परिणाम ठाऊक असूनही हातचे काम चोख करीत राहणे, हे सोपे नव्हे. पाचगणीत पियानोवर बसणाऱ्या मुलाने ते करून दाखविले. ज्यांस ही गोष्ट केवळ वाचून पटणार नाही, त्यांनी पहिल्या तबकडीपासून आरंभ करावा व मधली एकही गाळू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.