पंडित भातखंडे आणि शिकणाऱ्याचा खर्च

गणेशचतुर्थीला सकाळी आपण मूर्ती आणायला सराफ्यातून बाड्याकडे निघतो. याच तिथीला, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देह ठेवला. जन्म गोकुळाष्टमीचा आणि मृत्यू गणेशचतुर्थीचा, असा योग त्यांना लाभला. त्यांचे संगीतातील कार्य ग्वाल्हेरच्या रसिकांना नव्याने सांगायला नको. पण शिकणाऱ्याचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्यामुळे आपल्याच गावाने दिले होते. त्याची आठवण या निमित्ताने करावीशी वाटते.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये ते बी.ए. झाले, १८८७ मध्ये एलएल.बी. झाले आणि वकिली करू लागले. काही काळ ते कराचीलाही होते. गाण्याची ओढ मात्र लहानपणापासूनची. सतार ते वल्लभदासांकडे शिकले, धृपदे रावजीबुवा बेलबागकरांकडे आणि ख्याल अली हुसेन यांच्याकडे. पुढे घरावर आघात झाले. १९०० मध्ये पत्नी गेली आणि १९०३ मध्ये एकुलती एक मुलगी. त्यानंतर त्यांनी संसार पुन्हा मांडला नाही. वकिलीत मिळवलेला पैसा आणि उरलेले सगळे आयुष्य त्यांनी गाण्यात घातले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत फिरले. नंतर नागपूर, हैदराबाद, कलकत्ता आणि उत्तरेकडची शहरे पालथी घातली. जुने ग्रंथ पाहिले, उस्तादांच्या दारी बसून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या. चतुर पंडित आणि विष्णु शर्मा या नावांनी ग्रंथ लिहिले. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा मोठा ग्रंथ तर त्यांनी मराठीतच लिहिला.

पण पुस्तक झाले म्हणजे शिक्षण झाले असे नाही. त्या काळी गाणे शिकायचे तर वर्षानुवर्षे उस्तादाच्या घरी राहून सेवा करावी लागे. तेवढी वर्षे कमाई नाही. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याने गळा असूनही काय करावे? गाणे घराण्यातल्या मुलांकडे किंवा दरबाराचा आधार असलेल्यांकडेच राही.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ती भातखंड्यांनी घडवून आणली. त्याच सुमारास आपले माधवराव महाराज शिंदे यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. ग्वाल्हेरला गाण्याची वाण नव्हती. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी इथे शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलेच होते. दरबाराला आता स्वतःची शाळा काढायची होती, आणि शाळेला नव्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक हवे होते.

म्हणून १९१७ मध्ये ग्वाल्हेरचे निवडक गायक संस्थानाच्या खर्चाने मुंबईला भातखंड्यांकडे पाठवले गेले. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. त्यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे तेव्हा ते पस्तिशीचे, आणि तयार गवई. पस्तिशीच्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे तर मागची चूल पेटती राहायला हवी. ती काळजी संस्थानाने घेतली. १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. शिकून आलेली मंडळी तिथे शिक्षक झाली आणि राजाभैया पुढे प्राचार्य. संस्थानाने थोड्या जणांवर केलेला खर्च असा पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला.

दुसरे उदाहरण श्रीकृष्ण रातंजनकरांचे. भातखंड्यांचा हा लाडका शिष्य बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर फैयाज खाँसाहेबांकडे शिकला. १९२६ मध्ये भातखंड्यांनी लखनौला मॅरिस कॉलेज उभे केले आणि १९२८ मध्ये रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. गिंडे, भट, कायकिणी, सुमती मुटाटकर हे सगळे त्यांचे शिष्य. मॅरिस कॉलेजचे आज विद्यापीठ झाले असून त्याला भातखंड्यांचेच नाव आहे.

या शाळांत वर्षवार अभ्यासक्रम होता, परीक्षा होती, प्रमाणपत्र होते. सामान्य घरातल्या मुलाला गाणे शिकून शिक्षकाची नोकरी धरता येऊ लागली. १९३३ मध्ये पक्षाघाताने पंडितजींना अंथरुणाला खिळवले, पण तोवर त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी वर्ग चालवत होते.

मी स्वतः सरकारी नोकर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची फी शिष्यवृत्ती वेळेवर आली म्हणून भरता आली. नसती आली तर शिक्षण तिथेच थांबले असते. त्यामुळे राजाभैयांच्या मुंबईच्या त्या दिवसांचा विचार आला की मला आधी त्यांचे गाणे आठवत नाही, मागे ग्वाल्हेरला सांभाळलेले त्यांचे घर आठवते.

आता संस्थाने नाहीत. सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, पण अर्ज भरल्यापासून पैसे हाती पडेपर्यंतचे महिने गरीब मुलाला जड जातात. कोणी आयटीआयला असते, कोणी नर्सिंगला, कोणी तबला शिकत असते. आपल्या मंडळातील चार घरांनी मिळून अशा एका मुलाची किंवा मुलीची वर्षाची फी भरली, तर वर्गणीइतकाच तो खर्च आपल्याला झेपेल. यंदाच्या चतुर्थीला आरती झाल्यावर यावर पाच मिनिटे बोलूया.