कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (जन्म : नाशिक, १५ नोव्हेंबर १८६६, मृत्यू : लंडन, ६ जुलै १९५४) या भारतातील पहिल्या महिला वकील, समाजसेविका व इंग्रजी लेखिका होत्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या स्त्री होत. पतीच्या वा पित्याच्या निधनानंतर वारसाहक्काच्या वादात सापडलेल्या पडदानशीन स्त्रियांना आणि अज्ञान मुलांना कायद्याचे साहाय्य मिळवून देणे हे त्यांचे मुख्य कार्य होते.

जन्म व शिक्षण

कॉर्नेलिया यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती धर्मात आलेले धर्मोपदेशक होते. आई फ्रान्सिना यांचे पालनपोषण फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने केले होते. पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी फ्रान्सिनाबाईंनी मोठे काम केले. वारसा आणि मालमत्तेच्या प्रश्नांवर सल्ला घेण्यासाठी आसपासच्या स्त्रिया त्यांच्याकडे येत असत. कॉर्नेलिया यांच्या पुढील निर्णयांवर आईच्या या कामाचा मोठा प्रभाव पडला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळवूनही इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. पुढे मेरी हॉबहाऊस, ॲडलेड मॅनिंग, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदींच्या आर्थिक साहाय्यामुळे १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. विशेष परवानगी मिळाल्यावर १८९२ मध्ये त्यांनी बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत्या. मात्र त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नसल्यामुळे प्रत्यक्ष पदवी त्यांना १९२२ मध्ये मिळाली.

वकिलीतील अडथळे

भारतात परतल्यावर काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांतील स्त्रियांची बाजू ब्रिटिश एजंटांपुढे मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली. परंतु वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नव्हता. तो मिळावा म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली. तरीही केवळ स्त्री असल्याच्या कारणाने त्यांना सनद नाकारली गेली.

वारसाहक्काचा प्रश्न

कॉर्नेलिया यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येण्यासाठी तत्कालीन हिंदू वारसा कायदा समजून घेणे आवश्यक आहे. देशाच्या बहुतेक भागांत प्रचलित असलेल्या मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातील पुरुष मरण पावला, की त्याचा हिस्सा हयात असलेल्या पुरुष सहहिस्सेदारांकडे जाई; विधवेला केवळ पोटगीचा हक्क असे. बंगालमध्ये दायभाग पद्धत होती. तीनुसार मुलगा, नातू वा पणतू नसलेल्या पुरुषाची मालमत्ता, एकत्र कुटुंबातील हिस्सासुद्धा, त्याच्या विधवेकडे येई.

हा हक्कही मर्यादित होता. विधवेला हयातीत उत्पन्नाचा उपभोग घेता येई. मात्र कायदेशीर गरजेखेरीज मालमत्ता विकता किंवा गहाण ठेवता येत नसे. तिच्या पश्चात मालमत्ता तिच्या स्वतःच्या वारसांकडे न जाता पतीच्या पुढील वारसांकडे जाई. तिने दत्तक घेतल्यास मालमत्तेचा मालक तो दत्तक पुत्र होई. त्यामुळे दत्तक कोणाला घ्यावे, मृत्युपत्र खरे की बनावट, दिवाणजीने दाखवलेला हिशेब बरोबर आहे की नाही, अशा वादांत नातलग व कारभारी यांचे हितसंबंध गुंतलेले असत.

विधवा गोषात राहत असेल, तर तिची अडचण दुप्पट होई. परपुरुषासमोर येणे निषिद्ध असल्यामुळे वकिलाशी बोलणे, कागद वाचून घेणे, साक्ष देणे या साऱ्या गोष्टी मध्यस्थामार्फतच होत, आणि पुष्कळदा तो मध्यस्थ वादातील एखाद्या पक्षाचाच माणूस असे. पडदानशीन स्त्रीने दस्तऐवज समजून-उमजून केला, हे त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावे, असा दंडक न्यायालयांनी घालून दिला होता. परंतु या संरक्षणाचा लाभ मिळण्यासाठीही तिची तक्रार आधी न्यायालयापर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समधील कार्य

अज्ञान वारस आणि कारभार पाहण्यास असमर्थ ठरवलेल्या स्त्रिया यांच्या जमीनदाऱ्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स हे सरकारी खाते सांभाळत असे. या खात्यातील पुरुष अधिकाऱ्यांना जनानखान्यात प्रवेश नसल्यामुळे तेथे महिला कायदा-सल्लागार नेमावी, अशी मागणी कॉर्नेलिया यांनी १९०२ पासून लावून धरली. १९०४ मध्ये बंगाल सरकारने त्यांची त्या पदावर नेमणूक केली. पुढे बंगालसह बिहार, ओरिसा व आसाम या प्रदेशांतही त्यांनी काम केले.

दूरदूरच्या वाड्यांमध्ये जाऊन स्त्रियांचे म्हणणे ऐकणे, त्यांना कागदपत्रे समजावून सांगणे, पोटगी व खर्चाची व्यवस्था लावणे, सासू-सुनांतील आणि सवतींमधील तंटे न्यायालयाबाहेर मिटवणे, अज्ञान वारसांच्या शिक्षणाकडे लक्ष देणे अशी कामे त्या करीत. सुमारे दोन दशकांत त्यांनी ६०० हून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना मदत केली, असे सांगितले जाते. या सेवेबद्दल १९०९ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक देण्यात आले.

सनद व उत्तरायुष्य

१९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली, त्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न होते. तेथेही पूर्वग्रहांमुळे त्यांना मुख्यतः लेखी अभिमत देण्यावरच समाधान मानावे लागले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या.

कॉर्नेलिया यांची राजकीय मते वादग्रस्त ठरली. ब्रिटिश राजवटीच्या त्या समर्थक होत्या आणि महात्मा गांधींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ (१९२७) या पुस्तकाची बाजू घेतल्यामुळे समाजसुधारणेच्या क्षेत्रातील अनेक सहकारी त्यांच्यापासून दुरावले.

१९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मुलाबरोबरीने हिस्सा मिळाला, तरी तो मर्यादितच राहिला. कॉर्नेलिया यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील कलम १४ ने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेत कॉर्नेलिया यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

ग्रंथलेखन

लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा (१९०१)
सन-बेबीज (१९०४)
बिट्वीन द ट्वायलाइट्स (१९०८)
द पर्दानशीन (१९१७)
इंडिया कॉलिंग (आत्मचरित्र, १९३४)
इंडिया रिकॉल्ड (१९३६)