गांधीजींची कवळी आणि दात काढल्यानंतरचे 24 तास

खिशात नोट असेल तर काढून बघा. (सगळा व्यवहार यूपीआयवर असेल तर कुणाकडून तरी मागून घ्या.) नोटेवरचा गांधीजींचा हसरा चेहरा 1946 सालच्या एका फोटोवरून घेतलाय. तेव्हा ते 76 वर्षांचे होते आणि त्या हसऱ्या तोंडातले बहुतेक दात केव्हाच गेले होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात ते जेवायला बसताना कवळी लावायचे, जेवण झालं की काढून ठेवायचे. लपवाछपवी नाही. फोटोवाले समोर असले तरी बोळक्या तोंडाने मनमोकळं हसायचे.

शाळेत आपण त्यांचं चरित्र सत्याग्रहांच्या सनावळीतून शिकलो. आज तेच चरित्र तोंडाच्या बाजूने बघू, आणि अक्कलदाढ काढायची वेळ आली तर नेमकं काय करायचं तेही समजून घेऊ.

15 मिनिटांचं दात घासणं

1869 मध्ये पोरबंदरला जन्म, 1888 मध्ये बॅरिस्टर व्हायला लंडन, मग दक्षिण आफ्रिका. 1903 च्या सुमारास ते जोहान्सबर्गमध्ये वकिली करत होते. आत्मकथेत त्यांनी सकाळचा हिशेब दिलाय: दात घासायला 15 मिनिटं, आंघोळीला 20. दात घासताना ते उभे असायचे, म्हणून समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवायचे. असे 13 अध्याय पाठ झाले! आपण त्या वेळात रील्स बघतो, पण युक्ती तीच.

आज डेंटिस्ट दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशने घासायला सांगतात. जास्त वेळ जोर लावून घासलं तर हिरडी मागे सरकते आणि दात झिजतो. दुसरं म्हणजे, दात किडण्यापासून वाचवणारी फ्लोराइड टूथपेस्ट बाजारात रुळली ती 1950 च्या दशकात. म्हणजे गांधीजींच्या पिढीकडे चिकाटी होती, पण हे साधन नव्हतं.

तोंडाला टाके, बोलायला बंदी

10 फेब्रुवारी 1908. सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार नोंदणी करायला गांधीजी जोहान्सबर्गच्या कचेरीकडे निघाले होते. समझोता न पटलेल्या मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना वाटेतच मारहाण केली. रेव्हरंड डोक यांच्या घरी नेल्यावर डॉक्टरांनी गालाला आणि वरच्या ओठाला टाके घातले. टाके निघेपर्यंत बोलायचं नाही आणि फक्त पातळ पदार्थ घ्यायचे, असा हुकूम झाला. तरी त्याच दिवशी त्यांनी पडल्या पडल्या दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी पूर्ण केली. (आधार केंद्रावर रांग मोठी आहे म्हणून कंटाळणाऱ्यांसाठी ही माहिती.)

डॉक्टरांचा तो हुकूम लक्षात ठेवा. तोंडातली जखम सतत ओली असते, सतत हलते, आणि तिथे जंतूंची वस्ती कायमची असते. बँडेज बांधता येत नाही. तिला विश्रांती द्यायची म्हणजे तोंडालाच विश्रांती द्यायची.

पुढे 1909 मध्ये 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टरी पेशावर कडक टीका केली. तरीही 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनकडून त्यांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं. मधेच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण झालं. मला या माणसाचं हेच आवडतं: मत ठाम, पण गरज पडली तर डॉक्टरांच्या हाती जीव द्यायची तयारी.

1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर त्यांच्यासोबत होते. काकासाहेब दातणाचं टोक ठेचून कुंचा करून द्यायचे. ताजं दातण रोज मिळत असूनही गांधीजींनी सांगितलं की वापरलेलं टोक तेवढं कापा, उरलेली काडी उद्याला ठेवा.

वर्धा

मिठाच्या सत्याग्रहाला निघताना त्यांनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं ठरवलं होतं. मग जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून 1934 मध्ये ते वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 ला जवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी पत्रांचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि आश्रमात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी सरकारने बसवलेला टेलिफोन! तो आजही तिथे बघायला मिळतो.

त्या काळात दात काढायचा म्हणजे काय? सुन्न करायला 1905 पासून वापरात आलेलं प्रोकेन होतं, पण पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोचलं नव्हतं. आज आपल्याला दिलं जातं ते लिडोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं आणि 1948 मध्ये विक्रीला आलं. 1946 मध्ये सेवाग्राम सोडून गेलेले गांधीजी पुन्हा तिथे परतले नाहीत. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत त्यांची हत्या झाली.

आज वर्ध्याहून सेवाग्राम एका बाजूला तर सावंगी (मेघे) दुसऱ्या बाजूला. सावंगीला चक्क डेंटल कॉलेज आहे. एक्स-रे लगेच स्क्रीनवर दिसतो. काढतानाचं दुखणं जवळपास संपलंय. खरी परीक्षा घरी आल्यावर असते.

रक्ताची गाठ हाच तुमचा बँडेज

दात निघाला की हाडात खड्डा राहतो. त्यात रक्त साकळून गाठ बसते. ती उघड्या हाडाला आणि नसांच्या टोकांना झाकते, आणि तिच्यावरच नवीन पेशी वाढतात. ती निसटली तर हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दोन-चार दिवसांनी अचानक ठणका सुरू होतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. खालच्या अक्कलदाढेला हा धोका जास्त.

म्हणून पहिले 24 तास चुळा भरायच्या नाहीत, थुंकायचं नाही आणि स्ट्रॉने काही प्यायचं नाही. ओढून घेण्याने तोंडात जी पोकळी तयार होते ती गाठ उपटून काढते. दिलेला कापसाचा बोळा 30 ते 45 मिनिटं घट्ट चावून धरा. फोनवर टायमर लावा, दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. सेल्फी काढायलाही नाही. लाळेत थोडं लाल दिसणं नॉर्मल आहे.

तोंड सुन्न असेपर्यंत गरम काही नको, ओठ चावला तरी कळत नाही. नंतर दही, गार केलेली पेज, मऊ खिचडी, केळं, दुसऱ्या बाजूने. सूज असेल तर गालावर बाहेरून बर्फ, रुमालात गुंडाळून, 10-15 मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हळूच फिरवा आणि बेसिनमध्ये आपोआप पडू द्या. बाकीचे दात घासायचेच.

आणि खर्रा! विदर्भात हा विषय टाळून चालणार नाही. तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि सुपारीचे कण खड्ड्यात अडकतात. सिगारेटचा झुरका म्हणजे ओढणं आणि धूर दोन्ही. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना 1942 मध्ये लिहिलेल्या आरोग्याच्या पुस्तकात गांधीजींनी तंबाखूला वेगळं प्रकरण दिलंय.

लवंग तेल, हळद, मिश्री असलं काही खड्ड्यात स्वतःहून भरू नका. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, त्याने रक्त जास्त वाहतं. घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल किंवा शुगर असेल तर ते दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंदही करू नका. नवा बोळा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, किंवा तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर डॉक्टरांना फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.

हिरडी काही आठवड्यांत बंद होते. खड्ड्यात हाड भरायला मात्र काही महिने लागतात. दात नसलेलं हाड वापराअभावी हळूहळू झिजतं, म्हणून सुरुवातीला घट्ट बसणारी कवळी पुढे सैल होते. घरी आजी-आजोबांची कवळी हलत असेल तर ती त्यांची तक्रारखोरी नाही, जबडाच बदललाय. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात वाकडी होते. हाडात घट्ट बसणारा टायटॅनियमचा इम्प्लांट माणसात पहिल्यांदा बसवला गेला 1965 मध्ये, स्वीडनमध्येच.