लॉर्ड डाउडिंग

आमच्या शाळेच्या वादविवादसभेंत वरच्या वर्गांतील मुलांनीं यंदा असा विषय घेतला होता कीं, भारतीय वायुसेनेनें पुढील काळासाठीं कोणतीं लढाऊ विमानें घ्यावींत. एकानें राफेलचा पक्ष घेतला, दुसऱ्यानें तेजसचा. तिसऱ्यानें तर सहाव्या पिढीच्या विमानाखेरीज दुसऱ्या कशासही हात लावूं नये असें ठासून सांगितलें. सप्टेंबर 2025 मध्यें जुनीं मिग-21 विमानें सेवेंतून निघालीं आणि मंजूर 42 तुकड्यांच्या मानानें हातांतील तुकड्या बऱ्याच कमी राहिल्या, हेंही एका मुलानें बरोबर मांडलें. भाषणें चांगलीं झालीं. परंतु वेग, पल्ला आणि क्षेपणास्त्रें यांच्यापलीकडे फारसें कोणी गेलें नाहीं. तेव्हां हाच प्रश्न ज्या गृहस्थांस सभेंत नव्हे, तर एका राष्ट्राचें जीवित पणास लागलें असतां सोडवावा लागला, त्यांचें चरित्र या अंकांत सांगावें असें आम्हांस वाटलें.

ह्यू डाउडिंग यांचा जन्म 24 एप्रिल 1882 रोजीं स्कॉटलंडमधील मॉफट या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील आर्थर डाउडिंग हे शिक्षक असून त्यांनीं त्या गांवीं स्वतःची शाळा काढली होती. शिक्षकाच्या मुलावर घरीं आणि शाळेंत एकच डोळा असतो, हें आमच्या घरच्या मुलांस निराळें सांगावयास नको. पुढें ह्यूस विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेंत घातलें. तेथें ग्रीक भाषेशीं त्यांचें जमेना. ती टाळतां यावी म्हणून ते सैन्याच्या परीक्षेच्या वर्गांत जाऊन बसले. (संस्कृत टाळूं पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून भलता बोध घेऊं नये.) वूलिच येथील शिक्षण संपवून 1900 सालीं ते तोफखान्यांत दाखल झाले. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असा प्रवास करीत ते हिंदुस्थानांतही आले व येथील पहाडी तोफखान्यांत त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. परत गेल्यावर 1913 च्या डिसेंबरांत ब्रुकलंड्स येथें त्यांनीं वैमानिकाचा दाखला मिळविला.

स्वभाव अबोल, विनोद क्वचित्, शिस्त कडक. यामुळें सोबत्यांनीं त्यांना ‘स्टफी’, म्हणजे कोंदट मनुष्य, असें नांव ठेवलें होतें. या कोंदट माणसानें पहिल्या महायुद्धांत एक धाडस केलें. 1916 सालीं सोमच्या लढाईंत त्यांच्या हाताखालील वैमानिक थकून गेले होते. त्यांस विश्रांति द्यावी असा आग्रह त्यांनीं वरिष्ठ ट्रेंचर्ड यांच्याजवळ धरला. ट्रेंचर्ड यांस तो रुचला नाहीं, आणि डाउडिंग यांची रवानगी इंग्लंडांत झाली. 1918 मध्यें त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत पत्नी वारली आणि डेरेक हा तान्हा मुलगा मागें राहिला. बहीण हिल्डा हिनें पुढें घर सांभाळलें.

1930 सालीं विमानदळासाठीं साहित्य व संशोधन पाहण्याचें काम त्यांच्याकडे आलें. थोड्याच दिवसांत, 5 ऑक्टोबर रोजीं, आर-101 हें प्रचंड हवाई जहाज फ्रान्समध्यें पडून 48 माणसें दगावलीं. तज्ज्ञांच्या शब्दावर विसंबून डाउडिंग यांनीं त्या उड्डाणास संमति दिली होती. आणखी कसोट्या घेण्याचा हट्ट आपण धरावयास हवा होता, ही टोंचणी त्यांस लागून राहिली. आमच्या मतें त्यांच्या पुढील सर्व वागणुकीचें मूळ येथें आहे.

त्या काळीं विमानदळांतील थोरामोठ्यांचें मत असें होतें कीं, बाँबफेकी विमानें अडविणें अशक्य आहे. म्हणून आपणही तींच जास्तींत जास्त बाळगावींत आणि शत्रूस धाकांत ठेवावें. लढाऊ विमानांवर खर्च म्हणजे लोकांच्या समाधानापुरता, असें पुष्कळांस वाटे. डाउडिंग यांस हें पटेना. आपलें घर राखतां आलें नाहीं तर शत्रूचें घर जाळून काय उपयोग, असा त्यांचा रोख होता. दुपंखी विमानांच्या जागीं एकपंखी, आठ बंदुकांचीं, वेगवान विमानें यावींत यासाठीं त्यांच्या खात्यानें जोर लावला. त्यांतून हरिकेन (पहिलें उड्डाण 6 नोव्हेंबर 1935) आणि स्पिटफायर (5 मार्च 1936) हीं दोन विमानें निघालीं. त्याच सुमारास वॉटसन-वॅट या शास्त्रज्ञानें रेडिओलहरींनीं दूरचें विमान ओळखतां येईल असें कळविलें. आर-101 चा धडा डाउडिंग विसरले नव्हते. पैसा देण्याआधीं प्रयोग दाखवा, असें त्यांनीं सांगितलें. 26 फेब्रुवारी 1935 रोजीं डॅव्हेंट्रीजवळ एक विमान उडवून प्रयोग झाला, तो साधला, आणि मग त्यांनीं हात आंखडला नाहीं. हेंच पुढें रडार झालें.

1936 च्या जुलैंत इंग्लंडचें संरक्षण करणाऱ्या सर्व लढाऊ विमानांचें आधिपत्य त्यांस मिळालें. लंडनजवळील बेंटले प्रायरी या जुन्या वाड्यांत त्यांनीं ठाणें केलें. येथें त्यांनीं जें केलें तें विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. किनाऱ्यावरील रडारच्या उंच मनोऱ्यांकडून आणि टेकड्यांवर दुर्बिणी घेऊन बसलेल्या स्वयंसेवकांकडून बातमी टेलिफोनानें या वाड्यांत येई. खरी कोणती, दुबार कोणती हें तेथें निवडलें जाई. मग मोठ्या नकाशाच्या मेजावर विमानदळांतील तरुण मुली खुणा सरकवीत, आणि त्यावरून कोठल्या तळावरील किती विमानें उडवावयाचीं हें ठरे. त्यामुळें विमानांस दिवसभर आकाशांत पहारा करीत पेट्रोल जाळावें लागेना. वैमानिकापुढें गोळी न भेदणारी कांच हवी, हा त्यांचा हट्ट. पावसाळी चिखलांतही विमानें उडावींत म्हणून पक्क्या धावपट्ट्या हव्यात, हाही त्यांचाच. दोन्ही वेळां लोक हंसले. मागें फिरत्या बुरुजांत बंदुका आणि पुढें एकही नाहीं, अशा डिफायंट नांवाच्या विमानाचें वरिष्ठांस फार कौतुक होतें. डाउडिंग यांनीं विरोध केला. 1940 च्या ऑगस्टअखेर तें विमान दिवसाच्या लढाईंतून काढून घ्यावें लागलें.

कीर्ति स्पिटफायरची झाली, परंतु त्या वर्षीं हरिकेनच्या तुकड्या अधिक होत्या आणि शत्रूचीं विमानेंही त्यांनींच अधिक पाडलीं. लाकूड, कापड आणि नळ्या यांचें तें विमान लवकर बने, लवकर दुरुस्त होई. सर्वांत देखणें विमान हेंच सर्वांत उपयोगी असें नाहीं, हें आमच्या वादविवादसभेंत कोणीच म्हटलें नाहीं.

1940 च्या मे महिन्यांत जर्मन सैन्य फ्रान्समध्यें घुसलें. फ्रान्स रोज अधिक विमानें मागूं लागला. मित्राच्या हांकेस नाहीं कसें म्हणावें? पंतप्रधान चर्चिल यांचेंही मन द्रवलें होतें. 15 मे रोजीं युद्धमंडळाच्या बैठकींत डाउडिंग यांनीं हरिकेन किती झपाट्यानें नष्ट होत आहेत त्याचा आलेख पुढें ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं सरकारास पत्र लिहिलें. देशाच्या संरक्षणास 52 तुकड्या लागतील असें ठरलें होतें. उरल्या होत्या 36 तुकड्यांइतक्या. आणखी पाठविल्या तर फ्रान्स वांचेल याची शाश्वति नाहीं, इंग्लंड मात्र निश्चित जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. तरीही कांहीं तुकड्या गेल्याच. परंतु 19 मे रोजीं चर्चिल यांनीं दार बंद केलें. संकटांत सांपडलेल्या मित्रास नकार देणें ख्रिस्ती मनास जड जातें, आणि त्या नकाराची किंमत फ्रान्सनें भोगली हेंही खरें. आम्ही याचा पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या जागीं दुसरें काय करावें हें आम्हांस सुचत नाहीं.

10 जुलैपासून 31 ऑक्टोबरपर्यंत ब्रिटनची लढाई चालली. सुमारें 3,000 वैमानिक व त्यांचे साथीदार तींत लढले. पांचशेंहून अधिक मेले. डाउडिंग त्यांस आपलीं पोरें समजत, आणि डेरेक हाही त्यांच्यांतच विमान चालवीत होता. पोलंडच्या वैमानिकांविषयीं प्रथम त्यांस शंका होती. पुढें ती चुकीची होती असें त्यांनींच आपल्या अहवालांत मान्य केलें. आकड्यांविषयीं ते फार सावध असत. 15 सप्टेंबर रोजीं 185 जर्मन विमानें पाडल्याचें जाहीर झालें. खरा आकडा साठांच्या आसपास होता, हें युद्धानंतर कळलें.

त्यांचे दोषही होते. दक्षिणेकडील पार्क थोड्या थोड्या विमानांनीं त्वरित प्रतिकार करीत. उत्तरेकडील ली-मॅलरी यांस वाटे कीं, मोठा जमाव करूनच तुटून पडावें. हा तंटा विकोपास जाईपर्यंत डाउडिंग यांनीं तो मिटविला नाहीं. रात्रींच्या बाँबफेकीवरही त्यांस लवकर उपाय सांपडला नाहीं. 17 ऑक्टोबरच्या बैठकींत त्यांचे विरोधक प्रबळ ठरले आणि 25 नोव्हेंबर रोजीं त्यांस अधिकारावरून दूर केलें. त्याच आठवड्यांत, विमानांत बसविलेल्या रडारच्या साह्यानें रात्रीं शत्रूचें विमान पाडण्यांत त्यांच्या माणसांना यश येऊं लागलें होतें. 1941 सालीं सरकारनें या लढाईवर पुस्तिका काढली, तींत त्यांचें नांवही नव्हतें. 1943 मध्यें मात्र त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली.

उत्तरायुष्यांत ते मृतात्म्यांशीं संभाषण होतें असें मानूं लागले व त्यावर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. पवित्र शास्त्र यास संमति देत नाहीं, आणि आम्हीही देत नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें इतक्या तरुणांस मृत्यूच्या तोंडीं पाठविलें, त्याचें चित्त त्यांच्याभोंवतीं घोटाळत राहिलें तर त्याचा उपहास आमच्यानें करवत नाहीं. 1951 मध्यें त्यांनीं म्यूरिएल यांच्याशीं दुसरा विवाह केला. मांसाहार सोडून मुक्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध दोघांनीं काम केलें. म्यूरिएलबाईंनीं स्थापलेल्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेची भारतांतील शाखा पुढें पुण्यास निघाली, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

1968 सालीं या लढाईचा चित्रपट तयार होत असतां वृद्ध डाउडिंग चाकांच्या खुर्चींतून तो पाहावयास आले होते. 15 फेब्रुवारी 1970 रोजीं टनब्रिज वेल्स येथें ते वारले. त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें, विमानदळाच्या प्रार्थनास्थानीं ठेवलेली आहे.