राजवाड्यातली पुस्तके गावोगावी : महाराजा सयाजीराव गायकवाड

बडोद्यातल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांची ओळख करून द्यावी लागत नाही. काळ्या घोड्यापाशी रिक्षा थांबवताना, कमाटीबागेत मुलांना फिरवताना, बँकेच्या पासबुकावर आपल्याच गावाचे नाव वाचताना ते रोज भेटत असतात. मात्र जो रोज भेटतो त्याचे चरित्र वाचायचे बहुधा राहून जाते. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, संग्रहालय, बँक अशी सुधारणांची यादी शाळेत पाठ झालेली असते आणि तेवढ्यावर आपले समाधान होते.

या लेखात त्या यादीतली दोनच कामे घेतली आहेत, ग्रंथालय आणि संग्रहालय. पुस्तके आणि चित्रे बहुतेक राजांकडे असत. सयाजीरावांनी ती लोकांसाठी खुली केली. तसे करावेसे त्यांना का वाटले आणि त्यांनी ते कसे पार पाडले, हे पाहिले म्हणजे त्यांचे बाकीचे आयुष्यही नीट उलगडते.

कवळाण्याचा गोपाळ

महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी झाला. नाव गोपाळ, वडील काशीराव. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे आणि शेतीवर जगणारे. 1875 साली ब्रिटिशांनी मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कुळातली मुले बडोद्याला आणून दाखवण्यात आली आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान होऊन तो सयाजीराव झाला.

तेव्हा त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही झालेली नव्हती. ज्या वयात पांढरपेशांची मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागत, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवायला बसला. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. पुढे दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. 28 डिसेंबर 1881 रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

उशिरा हाती आलेले पुस्तक त्यांनी पुढे कधी खाली ठेवले नाही. वाचन हा त्यांचा रोजचा नेम झाला. 1885 साली पहिल्या पत्नी चिमणाबाई निवर्तल्या. प्रकृतीही बिघडत गेली आणि झोप लागेना. हवापालटासाठी 1887 पासून परदेशवाऱ्या सुरू झाल्या. राजा सारखा बाहेर असतो, अशी टीका त्यावर बरीच झाली. पण जिथे जात तिथली शाळा, कारखाना, वस्तुसंग्रहालय आणि ग्रंथालय ते आवर्जून पाहत आणि बडोद्यात यातले काय करता येईल याचा विचार घेऊन परतत.

शाळेनंतर काय वाचायचे?

1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. मुले शाळेत येऊ लागली, तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. चार बुके शिकलेला मुलगा शाळा सोडून शेतावर गेला आणि गावात वाचायला काहीच नसले, तर दोन-चार वर्षांत तो शिकलेले विसरणार. मग शाळेवर केलेला खर्चही पाण्यात जाणार. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे मूळ या हिशेबात आहे.

1906 साली महाराज अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये सर्वांना खुली होती, हे त्यांनी पाहिले. 1910 च्या दुसऱ्या दौऱ्यात त्यांनी विल्यम अ‍ॅलनसन बॉर्डन या जाणकार ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतले. बॉर्डन इथे सुमारे तीन वर्षे होते. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, राज्यात स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले आणि 1911 मध्ये ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. असा वर्ग भारतात त्याआधी कुठे निघालेला नव्हता. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिकही सुरू झाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघे. बॉर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी हे काम पुढे नेले.

मध्यवर्ती ग्रंथालयासाठी पुस्तके कुठून आली? महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे 20,000 ग्रंथांचा संग्रह देऊन टाकला. बंधू संपतराव गायकवाड यांचा ग्रंथसंग्रहही त्यात मिळाला. मांडवीजवळच्या इमारतीत आजही लोखंडी कपाटांच्या मजल्यांमध्ये काचेची जमीन आहे, तिच्यातून उजेड खालपर्यंत उतरतो. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. मुलांच्या विभागात खेळही ठेवलेले असत, म्हणजे खेळायला आलेले मूल पुस्तकाकडे आपोआप वळेल.

पेटीतले ग्रंथालय आणि पडद्यावरची चित्रे

शहरातल्या इमारतीने खेड्याचे काम भागत नाही, म्हणून 1911 पासून फिरती ग्रंथालये निघाली. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती मागेल त्या गावी पाठवायची, ठरलेल्या मुदतीनंतर परत आणून दुसरी द्यायची. नेण्याआणण्याचा खर्च सरकारचा, वाचणाऱ्याला एक पैसाही पडत नसे. कुठे गुजराती पुस्तके जात, कुठे मराठी, कुठे इंग्रजी.

ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचाही विचार झाला होता. ग्रंथालय खात्यात चित्रांतून शिक्षण देणारी एक शाखा होती. मॅजिक लँटर्न, दोन डोळ्यांनी पाहायचे स्टिरिओस्कोप आणि पुढे चलच्चित्रे घेऊन तिची माणसे गावोगावी जात. आरोग्य, शेती, दूरदेशीची शहरे असे विषय पडद्यावर दिसत. ग्रंथालयाने पुस्तके देण्याबरोबर कार्यक्रमही करावेत, ही आज नवी वाटणारी कल्पना बडोदे संस्थानात शंभर वर्षांपूर्वी रोजच्या कामाचा भाग होती.

गावात कायमचे ग्रंथालय हवे असेल तर नियम साधा होता. गावाने स्वतः वर्गणी काढून ठरलेली रक्कम जमवायची. तेवढीच रक्कम सरकार देई आणि तेवढीच पंचायत. म्हणजे तीन हिस्से, आणि त्यांतला पहिला गावकऱ्यांचा. या योजनेला मोतीभाई अमीन या शिक्षकाची फार मोठी साथ मिळाली. मित्रमंडळांमार्फत गावोगावी वाचनालये काढण्याचे काम त्यांनी आधीच हाती घेतले होते. महाराजांच्या हयातीतच राज्यात अशी शेकडो ग्रामग्रंथालये चालू झाली.

सगळा पैसा तिजोरीतून देणे राजाला अवघड नव्हते. पण फुकट आलेल्या वस्तूची निगा कोणी राखत नाही. ज्या कपाटासाठी गावाने पदरचे पैसे घातले आहेत, त्याला वाळवी लागू नये म्हणून गावच जपते.

कमाटीबागेतले संग्रहालय

संग्रहालयाची गोष्टही याच धाटणीची. 1894 साली सयाजीबागेत म्हणजे आपल्या कमाटीबागेत बडोदे संग्रहालय सुरू झाले. लोकांच्या बागेतच ते असल्यामुळे फिरायला आलेला माणूस सहज आत शिरतो. मूर्ती, कलाकुसर, खनिजे, पशुपक्षी, इजिप्तची ममी असे जगभरचे नमुने तिथे मांडले गेले. शिकलेल्याने माहितीच्या पाट्या वाचाव्यात, न शिकलेल्याने डोळे भरून पाहावे.

चित्रदालनाची इमारत 1908 मध्ये सुरू होऊन 1914 मध्ये पुरी झाली. युरोपीय चित्रांची निवड स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने केली होती. पण पहिले महायुद्ध पेटले आणि चित्रे तिकडेच अडकली. युद्ध संपून ती आली आणि 1921 मध्ये दालन लोकांना खुले झाले. राजा रविवर्म्याकडून महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणकथांवरची 14 चित्रे करून घेतली होती. रविवर्म्याची बडोद्यातली चित्रे पाहायची असतील, तर राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात जावे.

जिथे हुकूम चालला नाही

महाराजांचे गुणगान करताना एक प्रसंग गाळून चालणार नाही. अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी कारभाराच्या सुरुवातीलाच शाळा काढल्या. त्या शाळांवर शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. पुढे पंडित आत्माराम अमृतसरी यांच्यासारख्या आर्यसमाजी कार्यकर्त्यांनी हे काम सांभाळले. भीमराव आंबेडकर या बुद्धिमान तरुणाला महाराजांनी आधी मुंबईतल्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी आणि 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली.

1917 साली आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. शहरात त्यांना कोणी भाड्याने जागा देईना. एका पारशी वसतिगृहात ओळख लपवून राहावे लागले आणि ओळख कळताच तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि बडोदे सोडले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

ज्या बागेत महाराजांनी सर्वांसाठी संग्रहालय उघडले, त्याच बागेत हा प्रसंग घडला. शाळा, ग्रंथालय आणि संग्रहालय यांची दारे राजाच्या हुकमाने उघडली, घरांची दारे मात्र नागरिकांच्या हाती होती आणि त्यांनी ती बंदच ठेवली. तीन हिश्श्यांतला नागरिकांचा हिस्सा इथे भरला गेला नाही.

मराठीशी नाते

गुजराती प्रजेचा राजा असताना महाराजांनी गुजरातीलाही मान दिला आणि मायबोलीचेही ऋण फेडले. दोन लाख रुपयांची रक्कम ग्रंथप्रकाशनासाठी बाजूला काढून त्यांनी सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला चालवल्या. राज्यकारभारातल्या शब्दांना देशी भाषांत प्रतिशब्द देणारा सयाजीशासनशब्दकल्पतरू 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात 1909, 1921 आणि 1934 मध्ये भरले. 1932 च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष तर खुद्द महाराजच होते. बडोद्याला पुन्हा संमेलनाचा मान मिळाला तो थेट 2018 मध्ये.

घरच्या आघाड्यांवर नशिबाने त्यांना फार दुःख दिले. चार मुलांपैकी तीन त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. युवराज फतेसिंहराव 1908 मध्येच गेले होते. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. राज्य संपले, पण ग्रंथालय, संग्रहालय आणि विद्यापीठ चालू राहिले.

आपल्या मंडळाच्या घरांत आता तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. मुले मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती नाही तर इंग्रजी. मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी ग्रंथांचा मोठा संग्रह आहे. त्या कपाटापर्यंत मुलाला बोट धरून नेण्याचे काम सरकार करणार नाही आणि महाराजही आता करू शकत नाहीत. येत्या सुट्टीत एका सकाळी कमाटीबागेतले संग्रहालय पाहावे, तिथून मांडवीला जाऊन घरातल्या प्रत्येकाने एक मराठी पुस्तक निवडावे. बाकीचे दोन हिस्से शंभर वर्षांपूर्वीच भरून झाले आहेत. आपला तेवढा बाकी आहे.