मर्ढेकर : उपेक्षित कादंबरीकार

बाळ सीताराम मर्ढेकर हे नाव घेताच कवी आठवतो. कादंबरीकार मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच राहतो. खानदेशातील फैजपूर येथे १ डिसेंबर १९०९ रोजी ते जन्मले. आय.सी.एस.साठी इंग्लंडला गेले, पण यश लाभले नाही. पुढे काही काळ अध्यापन करून ते नभोवाणीच्या सेवेत शिरले.

समाजापासून तुटलेल्या माणसाला काल्पनिक श्रोत्यांपुढे बोलते करणारी कादंबरी रशियात डोस्टोव्हस्कीने १८६४ सालीच लिहिली होती. मराठीत माणसाच्या मनातील अखंड, विस्कळीत बोलणे हाच कादंबरीचा ऐवज करण्याचे धाडस मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’मध्ये केले. गोष्टीला सरावलेला वाचक बिचकला, आणि त्यात नवल नव्हते. तरीही, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्या १९४८ साली, ‘पाणी’ आलीच.

‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. सरकारी नोकर सरकारचाच आरोपी! १९५२ मध्ये ते निर्दोष ठरले. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या समीक्षाग्रंथाला मिळाला.