जॅक जॉन्सन

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्याला महंमद अली आठवतो. पण अलीच्या जन्माच्या कितीतरी आधी ज्याने ती वाट पाडली, त्या जॅक जॉन्सनचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. मलाही तो ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात भेटला आणि मग काही केल्या मनातून जाईना.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी झाला. आईबाप दोघेही पूर्वीचे गुलाम. बाप झाडलोटीची कामे करी, आई लोकांचे कपडे धुई. तरी मुलांनी शाळेत जावे म्हणून दोघे धडपडले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे हे वाक्य मी दोनदा वाचले. जॉन्सन मात्र चारपाच वर्षांतच शाळा सोडून गोदीत हमालीला लागला.

त्याची खरी शाळा भरली ती तुरुंगात! १९०१ साली जो चॉयन्स्की नावाच्या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याने त्याला तिसऱ्याच फेरीत लोळवले. टेक्सासमध्ये पैशासाठी लढणे तेव्हा बेकायदा होते. पोलिसांनी जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला एकदमच उचलले. तीन आठवड्यांहून अधिक काळ दोघे एकाच तुरुंगात होते. तिथे त्यांना सरावाची मुभा मिळाली आणि चॉयन्स्कीने या तरुणाला ठोसा चुकवावा कसा याचे धडे दिले. पुढे जॉन्सनचे तेच वैशिष्ट्य ठरले. आपल्या कुस्तीत कसलेला पैलवान खडाखडीतच समोरच्याचा दम काढतो ना, तसा तो वाट पाही. ठोसे हातावर झेली, हसे, प्रेक्षकांशी बोले आणि प्रतिस्पर्धी थकला की मग हात उचली. गोरे वार्ताहर याला आळस म्हणत. हाच डाव गोरा खेळला तर ती बुद्धी!

१९०३ मध्ये तो काळ्यांचा अजिंक्यवीर झाला. हो, काळ्यांसाठी अजिंक्यपदही वेगळे होते. खरे जागतिक अजिंक्यपद जिम जेफ्रीजकडे होते. त्याने काळ्याशी लढायला साफ नकार दिला आणि १९०५ मध्ये न हरताच निवृत्ती घेतली. पुढे ते पद कॅनडाच्या टॉमी बर्न्सकडे आले. जॉन्सन त्याच्या मागे लागून इंग्लंड, तेथून ऑस्ट्रेलिया असा गेला. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीला सामना ठरला. बर्न्सला ३० हजार डॉलर आणि जॉन्सनला ५ हजार! चौदाव्या फेरीत बर्न्सची अशी दशा झाली की पोलिसांनीच सामना थांबवला. चित्रपटाचे कॅमेरेही बंद करायला लावले. गोरा अजिंक्यवीर पडताना जगाला दिसता कामा नये!

मग सुरू झाला तो गोऱ्यांच्या त्रात्याचा शोध. लेखक जॅक लंडन याने वर्तमानपत्रातून जेफ्रीजला परतण्याची हाक दिली. शेतावर सुटलेल्या जेफ्रीजने सुमारे शंभर पौंड वजन उतरवले. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नेवाडातले रीनो गाव, भर उन्हात वीसेक हजार माणसे. जो जेफ्रीज तोवर कधीच खाली पडला नव्हता, तो पंधराव्या फेरीत तीनदा पडला आणि त्याच्या माणसांनी हार मानली. त्या रात्री अमेरिकेत गावोगावी दंगली उसळल्या. अनेक माणसे मेली, त्यांत बहुतेक काळीच. एका माणसाने एका माणसाला नियमाने हरवले, त्याची ही किंमत! १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावरच कायद्याने बंदी आली.

रिंगणात हरवता येत नाही म्हटल्यावर कोर्ट उरले. जॉन्सन सोन्याचे दात मिरवी, मोटारी भरधाव हाकी आणि गोऱ्या स्त्रियांशी उघड संसार करी. अनैतिक हेतूने स्त्रीला राज्याबाहेर नेण्याविरुद्ध जो कायदा होता, त्याखाली त्याच्यावर खटला झाला. ज्यूरी सगळी गोरी. १९१३ मध्ये शिक्षा झाली, एक वर्ष आणि एक दिवस. तो कॅनडामार्गे युरोपात पळाला.

येथे मला त्याची बाजू पूर्णपणे घेववत नाही. पत्नी एट्टाला तो मारहाण करी. १९१२ मध्ये तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. आणखी एक गोष्ट मला फार खुपते. स्वतःला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले गेले असताना, अजिंक्यवीर झाल्यावर त्याने सॅम लँगफर्ड, जो जीनेट यांसारख्या उत्तम काळ्या योद्ध्यांना पदासाठी लढूच दिले नाही. गोऱ्याशी लढण्यात पैसा जास्त, हे व्यवहारी उत्तर झाले. लँगफर्ड मात्र आयुष्यभर वाट पाहत राहिला.

५ एप्रिल १९१५ रोजी हवानाच्या उन्हात साडेसहा फुटी जेस विलार्डने सदतिशीच्या जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडले. आपण मुद्दाम हरलो, असे तो नंतर सांगे. ते फारसे कोणी मानत नाही. १९२० मध्ये तो स्वतःहून परतला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली. सुटल्यावर १९२२ मध्ये त्याने एका सुधारित पान्याचे पेटंट मिळवले, ही माहिती वाचून मला मौज वाटली. त्याच्यानंतरचा काळा हेवीवेट अजिंक्यवीर म्हणजे जो लुई, तोही थेट १९३७ मध्ये. जॉन्सनसारखे वागू नकोस, हरलेल्या गोऱ्याकडे पाहून हसू नकोस, अशी ताकीद लुईला त्याच्या व्यवस्थापकांनी दिली होती.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात जॉन्सन गेला. वाटेतल्या एका खाणावळीत काळा म्हणून अपमान झाला, त्या रागात तो गाडी हाकत होता, असे सांगतात. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत एट्टाच्या शेजारी त्याला पुरले. २४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला त्या खटल्यात मरणोत्तर माफी दिली. त्याच्या मृत्यूला तेव्हा ७२ वर्षे होत आली होती.